पुस्तकातलं का घरातलं

ज्या वर्षी बाईंनी येशूला सावळा केला, त्याच वर्षी मी त्या गावात मास्तरीण म्हणून रुजू झाले.

मिशनने त्यांना चित्रांची एक लांबलचक गुंडाळी दिलेली होती. ती लिंबाच्या फांदीला टांगायची, एकेक चित्र उलटायचं आणि जमलेल्या बायकांना शास्त्रातली गोष्ट सांगायची, हे बाईंचं काम. चित्रं विलायतेत छापलेली. त्यांतला येशू लोण्यासारखा गोरा, केस पिंगट, पायाला धूळ म्हणून नाही. एके दुपारी बाईंनी वाटीत काताचं पाणी केलं, कापसाचा बोळा बुडवला आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत त्याचे हात, पाय, तोंड रंगवून काढलं. शिष्यांनाही सोडलं नाही. गोरा ठेवला तो फक्त येशूला क्रूसावर देणारा पिलात सुभेदार, कारण "त्यो साहेब व्हता."

महिन्याभराने सोलापूरहून मिशनच्या मडम तपासणीला आल्या. त्यांनी गुंडाळी उघडली आणि शेवटच्या चित्रापर्यंत भराभरा उलटली. बाई म्हणाल्या, "मडम, त्यो मानूस रानोमाळ पायी हिंडत व्हता. तुम्ही आमच्याकडं एक चैत काढा, मग रंगाचं बोलू." मडमचं स्वतःचं नाक तेव्हा उन्हानं सोललेलं होतं. त्यांनी मुकाट्यानं गुंडाळी बंद केली, आणि ती सावळी चित्रं त्या भागात पुढं कितीतरी वर्षं हिंडली.

बायबलबाई हा हुद्दा आता कुणाला सांगून कळत नाही. गावोगाव पायी जायचं, ओट्यावर, विहिरीवर, शेताच्या बांधावर बायका भेटतील तिथं बसायचं आणि शास्त्र सांगायचं, असं ते काम. आमच्या बाई ते करत ईटपासून थेट सोनारीपर्यंत हिंडायच्या. अंगानं काटक, आवाज मात्र पाटलाच्या कोतवालाचा. पायात पुरुषी वहाणा. बायकी वहाणा का घालत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "काट्याला काय ठावं, पाय कुनाचा हाय त्ये!"

जगातल्या यच्चयावत गोष्टींचे बाईंनी दोन भाग पाडलेले होते. काहीही समोर आलं की त्या विचारत, "ह्ये पुस्तकातलं का घरातलं?" पुस्तक म्हणजे पवित्र शास्त्र. घरातलं म्हणजे माणसांनी आपापल्या सोयीनं लावून घेतलेलं. चहा घरातला. लग्नातली हळद घरातली, पण तिला बाईंची हरकत नव्हती. "पिवळं व्हऊन कुनी नरकात जात न्हाय," असा त्यांचा निवाडा होता. हुंडा घरातला, आणि त्याचं नुसतं नाव काढलं तरी त्या वहाण शोधू लागत. गंमत म्हणजे हा तराजू साहेबांच्या बाजूलाही तितकाच चाले. मडमनी एकदा आमच्या बायकांना बांगड्यांचा सोस सोडा म्हणून उपदेश केला. बाईंनी मडमच्या टोपीवरच्या कापडी फुलांकडं बघितलं आणि म्हटलं, "त्यास्नी सांगा, ह्ये बी घरातलंच हाय. फकस्त घर लांबचं हाय." मडमला नीट मराठी येत होती, त्यामुळे मला भाषांतर करावं लागलं नाही.

एकदाच आमचं घर जिंकलं. मिशनचे साहेब उपासनेला बूट घालून येत आणि आम्ही चपला दाराशी काढत असू. बाईंनी मोशेची गोष्ट काढली. जळत्या झुडपापुढं देवानं त्याला जोडे काढायला लावले होते. "ह्ये पुस्तकातलं हाय, साहेब," असं म्हणून त्या साहेबांच्या पायांशी उकिडव्या बसल्या आणि नाडीला हात घातला. साहेब बिचारे तांबडेलाल झाले. पुढच्या खेपेपासून ते मोज्यांवर येऊ लागले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते मंडळीतल्या सगळ्या बायकांनी पाहिलं आणि त्या दिवसापासून साहेब आम्हाला आमचे वाटू लागले.

स्वतः बाई कुणाच्या, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मोठ्या दुष्काळात कुठल्याशा रस्त्यावर मिशनला सापडलेलं ते मूल, बोर्डिंगात वाढलेलं. गावोगावच्या म्हाताऱ्या आडून आडून विचारत, "बाई, तुम्ही मूळच्या कुनाच्या म्हनायच्या?" बाई सरळ सांगत, "दुष्काळाच्या." मग म्हातारी त्यांच्या नाकाकडं, हातांकडं, भाकरी मोडण्याच्या पद्धतीकडं बघून अंदाज बांधी, आणि बहुतेकदा तो अंदाज म्हातारीच्या स्वतःच्या जातीवर जाऊन थांबे.

हे विचारणं उगीच नव्हतं. आमची मंडळी, म्हणजे गावातले सगळे ख्रिस्ती, एक म्हणायची, पण ती दोन वाड्यांतून आलेली. वरली आळी म्हणजे पूर्वीचा महारवाडा, खालली म्हणजे मांगवाडा. बाप्तिस्मा दोघांनी एकाच ओढ्यात घेतला होता. पाणी एक झालं, पण आळ्या काही एक झाल्या नाहीत. गावानं दोघांनाही विहिरीपासून लांब ठेवलं होतं, त्याचा राग दोघांनाही होता, आणि तरीही वरल्या आळीनं खालल्या आळीला हातभर लांब ठेवलं होतं. आमचं मंदिर म्हणजे माझीच पत्र्याची शाळा. रविवारी तिथं वरली आळी खिडकीच्या बाजूला बसे, खालली दाराच्या बाजूला. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, त्या प्रभुभोजनाच्या वेळी आधी खिडकी उठे, मग दार. द्राक्षरसाऐवजी मनुका उकळून केलेलं पाणी पेल्यात असे, पण पेला कुणाच्या ओठाला लागत नसे. आमचे देशी पाळकसाहेब वरून ओंजळीत ओतत. "पुस्तकात प्याला हाय, वंजळ न्हाय," असं बाई दर वेळी पुटपुटत, आणि पाळकसाहेब दर वेळी खोकत. भले गृहस्थ होते ते, पण भांडणाचा वास आला की त्यांना ढास लागे.

वरल्या आळीचे पंच शमुवेलदादा. चाळिशी उलटलेला, भारदस्त मिशांचा माणूस, मंडळीचा खरा आधार. पत्रे त्यांनीच घातले होते. शास्त्र त्यांनाही पाठ होतं. बाई जास्त बोलू लागल्या की ते प्रेषित पौलाचा हवाला देत, मंडळीत बायकांनी गप बसावं. त्यावर बाई म्हणत, "दादा, येशूची कबर उघडी पडल्याची खबर पयली बायांनी आनली. त्या गप बसल्या असत्या, तर तुम्ही आज सोनारीच्या जत्रंत असता." हे दादांना झोंबे, कारण ते सोनारीच्या जत्रेत असतच. दर चैत्रात त्यांना बैल बघायला तिकडं जावं लागे. बाईही तिथं झाडाखाली गुंडाळी टांगून बसलेल्या असत. "दादा, बैल कुठाय?" "न्हाय पसंत पडला." भैरवनाथाच्या गुलालानं माखलेले दादा असं सांगत, आणि बाई त्यांना पाण्याचा तांब्या नि ओला पंचा पुढं करत. गावात आल्यावर मात्र दादांच्या पाठीमागं त्याबद्दल एक अक्षर त्यांनी कधी काढलं नाही. भांडायचं ते तोंडावर, असा त्यांचा कायदा होता.

मग इंग्रज गेला. पलीकडं बार्शी-सोलापूर स्वतंत्र झालं आणि आम्ही अजून हुजूर निजामांच्या राज्यात. सरहद्दीवर रोज काहीतरी गडबड, जकातीच्या करोडगिरी नाक्यावर पोती फोडून तपासणी, आणि शेवटी येणंजाणंच बंद पडलं. साखर गेली, घासलेट गेलं. त्यातच प्रभुभोजनाचा पाव गेला. तो बार्शीच्या बेकरीतून येई. मंडळीत मोठी फिकीर पडली. पावाशिवाय प्रभुभोजन कसं करायचं?

बाई मात्र खूश झाल्या. "पाव मुळात साहेबाच्या घरातला! येशू जेवला त्ये त्याच्या मुलखात रोज भाजत व्हते त्ये. आपल्या मुलखात रोज काय भाजत्यात? जोंधळ्याची भाकर." शमुवेलदादांना हे एकदम पटलं. दोघांचं एकमत झालेलं पाहून पाळकसाहेबांची ढास थांबली.

आणि मग कुणीतरी विचारलं, "थापायची कुनी?"

इतकी वर्षं पाव बाहेरून आला, तेव्हा तो कुणी मळला हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. भाकरी म्हटली की तिला चूल आली, परात आली, हात आले. आणि हात आले की आळी आली.

बाई म्हणाल्या, "चिठ्ठ्या टाका. प्रेषितांनी बी टाकल्या व्हत्या. पुस्तकातलं हाय." दादा लगेच म्हणाले, "मंजूर. देव चुकायचा न्हाय." वरल्या आळीत घरं जास्त होती, त्यामुळे देवावर त्यांचा बराच भरवसा होता. मी दोन्ही आळ्यांतल्या बायकांची नावं लिहिली आणि चिठ्ठ्या पाळकसाहेबांच्या फेट्यात टाकल्या. त्यांनी डोळे मिटून एक काढली. नाव निघालं सगुणामावशीचं.

सगुणामावशी खालल्या आळीची, सत्तरीची, विधवा. साऱ्या गावाची सुईण. तिनं आपलं नाव ऐकलं आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली. "मी? देवाची भाकर मी थापू?" असं दोनदा म्हणाली. तिच्या आयुष्यात तिच्या हातचं वरल्या आळीतल्या कुणीच खाल्लं नव्हतं.

दादा खाकरले. "चिठ्ठी जरा परत काढावी. फेट्यात नीट ढवळली न्हाय."

"देवाला पुन्यांदा इच्यारायचं?" बाई म्हणाल्या. "उत्तर पसंत न्हाय पडलं म्हनून? ह्यो काय बैल हाय?"

त्या दिवशी सभा मोडली. संध्याकाळी दादा चार जणांना घेऊन बाईंच्या खोलीवर आले. मी शेजारीच राहत होते, मलाही बोलावलं. दादांनी तोड काढली होती, आणि खरं सांगते, मला ती फार शहाणपणाची वाटली. "बाई, तुमीच थापा. तुमच्या हातची वरली आळी खाईल, खालली बी खाईल. कुनाला काय बोलायची सोय न्हाय."

"का वं? माझ्या हाताला काय सोनं लागलंय?"

"तसं न्हवं. तुमची... तुमचं काय ठावंच न्हाय ना कुनाला."

बाईंनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाल्या, "म्हंजी माझा बाप कोन त्ये ठावं न्हाय, म्हनून मी चालते. सगुणाचा बाप ठावं हाय, म्हनून ती चालत न्हाय. अन् बार्शीच्या बेकरीत पाव पायानं तुडवित्यात म्हनून तुमीच सांगत व्हता. पायानं तुडवलेला चालतो अन् हातानं थापलेली चालत न्हाय?"

"तुमी न्हाय म्हनाल तर मंडळी फुटंल, बाई."

"फुटू द्या. मी थापनार न्हाय."

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, एवढं ताणायचं कशाला? तुम्ही थापली असती तर सगळे एकत्र जेवले असते." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझी शाळा सोडून बार्शीला पळून जावंसं वाटलं, पण सरहद्द बंद होती. "त्ये एकत्र जेवनं न्हाय, पोरी. त्ये माझ्या आड लपून जेवनं हाय." मग आवाज उतरला. "जिच्या हातचं येशूची मानसं घेत न्हवती, त्या शोमरोनी बाईच्या घागरीतलं पानी येशूनं मागितलं, ही गोष्ट मी गावोगाव सांगत आले. रविवारी ह्यांनी सगुणाची भाकर घेतली न्हाय, तर ही गुंडाळी साहेबाला परत धाडनार. मग मला पुन्यांदा त्या चित्रापुढं हुबं ऱ्हायाचं तोंड न्हाय." बाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांची भीती वाटायची थांबली.

रविवार उजाडला. टेबलावर पांढऱ्या फडक्याखाली सगुणामावशीच्या भाकरीची दुरडी. ती स्वतः दाराशी, अगदी उंबऱ्याला टेकून बसलेली, धुवट लुगड्यात. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, भाकरी मोडली आणि म्हणाले, "या."

कुणी हललं नाही. खिडकीची बाजू जमिनीकडं बघत बसली. दाराची बाजू उठू शकत नव्हती, कारण आधी खिडकी उठायचा रिवाज. पाळकसाहेब पुन्हा "या" म्हणाले आणि खोकू लागले.

दादा उभे राहिले. "आमाला काय अडचन न्हाय. पर शास्त्रात हाय, दुबळ्या भावाला ठेच लागंल असं करू नये. आमच्या आळीत दुबळी मानसं हायत." हे म्हणताना ते इतके धडधाकट दिसत होते की मला हसू आवरेना.

बाई उठल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "बाईनं बोलू नये." "बोलत न्हाय, इच्यारते," बाई म्हणाल्या. "दादा, आईच्या दुधाआधी तुमच्या तोंडात काय गेलं?"

दादांना कळेना.

"पोर भाईर आलं की सुईन त्याच्या तोंडात बोट घालती, चिकटा काढती, तवा त्ये रडतं. हितं बसलेल्या समद्यांच्या तोंडात पयलं बोट कुनाचं गेलं? तवा आळी इच्यारली व्हती का?"

मग खिडकीच्या बाजूला काठी वाजली. दादांची म्हातारी आई उठत होती. "माझा शमू तर रडतच न्हवता मेला," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "निळा पडला व्हता. हिनं बोट घातलं, पाय धरून उलटा केला, अन् ढुंगनावर चापट मारली, तवा रडला." म्हातारी काठी टेकत टेबलाशी गेली, ओंजळ पुढं केली, तुकडा घेतला आणि तिथंच उभी राहून दात नसलेल्या तोंडानं चघळू लागली.

आपण जन्मताच चापट खाल्ल्याची वार्ता अशी भरसभेत जाहीर झाल्यावर दादांपुढं दुसरा रस्ता उरला नाही. ते उठले, तुकडा घेतला, जागेवर गेले. मग खिडकीची बाजू उठली. दोन घरं तेवढी चपला घालून निघून गेली, आणि ती पुढं कधी परत आली नाहीत. पण बाकीचे आले. मग दाराची बाजू आली. पाळकसाहेब आनंदाच्या भरात मोठमोठे तुकडे मोडत होते, आणि बाई भिंतीला टेकून एकेका तोंडाकडं बघत होत्या.

सगळ्यांत शेवटी सगुणामावशी उठली. ओंजळ करून टेबलाशी आली. पाळकसाहेबांनी दुरडीत हात घातला, फडकं झटकलं, दुरडी उलटी केली. भाकरी संपली होती.

"असू द्या," सगुणामावशी लगेच म्हणाली. "माझं काय न्हाय." तिची बारी येईपर्यंत वस्तू संपण्याची तिला आयुष्यभर सवय होती. ती परत फिरली.

"दादा," बाई म्हणाल्या. एवढंच, आणि तेही हळू.

मी दादांकडं पाहिलं तेव्हा मला उलगडलं. त्यांची उजवी मूठ मांडीवर घट्ट आवळलेली होती. तुकडा त्यांनी घेतला होता, तोंडात घातला नव्हता. बाईंनी ते मघाशीच पाहिलं असणार. आता सगळेच बघू लागले. दादांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मूठ उघडली. भाकरीचा तुकडा घामानं भिजून चेपला होता.

ते उठले आणि टेबलापर्यंत आले. तुकड्याचे दोन भाग केले. एक सगुणामावशीच्या ओंजळीत ठेवला. दुसरा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला आणि सगळ्यांसमोर, मिशा हलवत, सावकाश चावून खाल्ला. बाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या.

दादांनी घास गिळला, मिशा पुसल्या, आणि पंचाला शोभेल अशा करड्या आवाजात सगुणामावशीला म्हणाले, "जाड थापलीस."

"समद्यास्नी पुराया पायजे म्हनून..."

"पुरली का?" दादा म्हणाले. "पुढच्या बारीला पातळ थाप. अन् चार जास्त कर."